बदलीवाल्या मुली

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीत सामानाची लाकडी खोकी कायम रचून ठेवलेली असायची. मागच्या बदलीला आलेली आणि पुढच्या बदलीला लागणारी. आई त्यांच्यावर जुनं धोतर पसरून पापड वाळवायची, थंडीत गाजरं किसायला तिथेच बसायची. पण ती खोकी कबाड्याला देऊन टाकू या असं कोणी म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. "उद्या ऑर्डर आली तर?" हा प्रश्न आमच्या घरात रोजच्या वरणभातासारखा होता. भिंतीत नवा खिळा ठोकायचा नाही, मोठं कपाट घ्यायचं नाही, कुंडीत झाड लावायचं तर जाताना शेजाऱ्यांना देता येईल एवढंच लावायचं. मी त्या घरात वाढले, त्यामुळे मला एका जागी बसता येत नाही. आजही नोएडातल्या माझ्या ऑफिसात गिऱ्हाईक खुर्चीत टेकलेलं असतं आणि मी उभी असते. लोकांना वाटतं ही घाईत आहे. घाई नसते, खुर्ची आपली आहे यावर माझा पटकन विश्वास बसत नाही, इतकंच.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या स्कूटरला थंडीत वीस लाथा खाल्ल्याशिवाय जाग यायची नाही, तोवर सगळी इमारत जागी व्हायची. समोरच्या भाटिया आंटींच्या तव्यावर मुळ्याचे पराठे पडले की त्याचा वास आमच्या मोरीपर्यंत यायचा. आईला दिल्लीने एकच गोष्ट मनापासून आवडेल अशी दिली होती, ती म्हणजे बथुआ. पहिल्या वर्षी भाजीवाल्याच्या गाड्यावर ती जुडी बघून ती ओरडलीच होती म्हणे, की अगं हा तर चाकवत. मग सगळा हिवाळा आमच्याकडे ताकातला चाकवत, वर लसणाची फोडणी, सोबत बाजरीची भाकरी. भाटिया आंटी तो वाटीने घेऊन जायच्या आणि वाटीतून सरसों का साग परत यायचा. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत अर्धं इंग्रजी. भांडण मात्र मी हिंदीतच करायची, कारण ते मी सरोजिनी नगरच्या बाजारात शिकले होते.

त्या बाजारात आई मला मुद्दाम न्यायची. तिला भाव करता येत नसे. दुकानदार जे म्हणेल त्यावर ती "अच्छा" म्हणायची आणि पर्स उघडायची. मी लहान असतानाच ती पर्स तिच्या हातातून काढून घ्यायला लागले. माझी पद्धत साधी होती. वस्तू हातात घ्यायची, तिच्यातला दोष मोठ्याने सांगायचा, आपला भाव बोलायचा आणि तो नाही म्हणाला की वस्तू खाली ठेवून चालू पडायचं. खरी कला त्या चालण्यात आहे. फार भरभर गेलात तर त्याला वाटतं ही गेली, आणि रेंगाळलात तर त्याला कळतं ही येणार. पाय पुढे आणि कान मागे ठेवायचे. मागून हाक येतेच. "ओ बहनजी, सुनो तो!" त्या एका हाकेवर मी पुढे माझा तयार कपड्यांचा सगळा धंदा उभा केला, पण ते प्रकरण वेगळं. इथे सांगायचंय ते खो-खोचं.

आमच्या मंडळाचा मुलींचा खो-खोचा संघ होता. मराठी माणसं जमली की गणपती बसतो आणि नाटक बसतं. आमच्या कॉलनीत तिसरी गोष्ट खो-खो होती. थंडीत कॉलनी-कॉलनीच्या संघांचे सामने होत आणि आम्ही ते नेमाने हरत असू. बहुतेक वेळा मेहरौलीकडच्या एका गावातल्या मुलींच्या संघाकडून. त्या मुली शेतातून पळत आल्यासारख्या पळत आणि त्यांचे चौधरी मास्तर सीमारेषेवर बसून शेंगा खात. त्यांना ओरडावंही लागत नसे. आमच्या हरण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बदल्या. एखादी मुलगी खांबाजवळ सूर मारून गडी टिपायला शिकली की तिचे वडील भोपाळला. दोघींची जोडी जमली की एक हैदराबादला. एका हिवाळ्यात तर संघाची कर्णधारच सामन्यांच्या आधी चेन्नईला गेली, आणि तिच्या निरोपाच्या चहाला आमचे काका लोक तिच्यासाठी हळहळत होते की आपल्या बचावासाठी, ते कळत नव्हतं.

रविवारी उन्हं वर आली की पार्कातल्या जांभळाखालच्या कट्ट्यावर ही सगळी मंडळी जमत. भाजलेल्या शेंगा, तीळगुळाची गजक, थर्मासमधला चहा, बायकांचं विणकाम, आणि विषय एकच: संघ नव्याने कसा बांधायचा. या लोकांपैकी निम्म्यांनी आयुष्यात खो-खो खेळला नव्हता, पण बोलायला बसले की खातं चालवावं तसं बोलायचे. कोणाचं म्हणणं, लहान मुली घ्या, दोन हिवाळे हरू द्या, तिसऱ्याला त्या तयार होतील. कोणी म्हणे, भाटियांची पम्मी वाऱ्यासारखी पळते, तिला घ्या. त्यावर लगेच दुसरं कोणी विचारी की मग मंडळ मराठी कशाला म्हणायचं. बायकांचा गट म्हणे, कँटोन्मेंटमधल्या जवानांच्या मुली आणा, त्या गावाकडून खेळ घेऊन आल्यात. आणि या सगळ्यांत आवाज न चढवता, पण सगळ्यात जास्त वेळ बोलणारे माझे बाबा होते.

बाबा एका केंद्रीय खात्यात कारकून. ऑफिसात त्यांचं कोणी ऐकत नसे, घरात आई ऐकून घेत नसे. कट्ट्यावर मात्र ते बोलायला लागले की लोक शेंगा सोलायचे थांबत. त्यांचं तत्त्व असं: खेळ शिकवता येतो, मुक्काम शिकवता येत नाही. ज्यांचे वडील दिल्लीत कायमचे आहेत, बँकेत किंवा महापालिकेत किंवा स्वतःच्या धंद्यात, अशाच मुली घ्याव्यात, मग त्या आज कच्च्या का असेनात. बदलीवाल्या मुलींवर मेहनत करणं म्हणजे भाड्याच्या घराला स्वतःच्या खर्चाने फरशी बसवणं. हे ते इतक्या शांतपणे सांगत की एका रविवारी कट्ट्याला ते पटलं. आमचीही नोकरी बदलीची होती, पण बाबांना नुकतीच दिल्लीत मुदतवाढ मिळाली होती, पुढची काही वर्षं तरी धोका नव्हता, असं सगळे धरून चालले होते. मी पण.

मंडळाचे क्रीडासचिव टिपणीसकाका. ते बाबांच्याच खात्यात, पण वरच्या हुद्द्यावर, आणि बदल्यांचे हुकूम जिथून निघत त्याच शाखेत. कॉलनीतले लोक त्यांना लग्नात, बाजारात, जिन्यात गाठून आडून आडून विचारत आणि ते नुसतं हसत. त्यांनी कधीही कोणाला काही आधी सांगितलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. बाबांनाही त्यांचं कौतुक होतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मला बाबांचं तत्त्व पटलं नव्हतं. मी त्या संघात खेळत होते आणि मला हरायचा कंटाळा आला होता; तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत थांबणारी मी नव्हे. गणपतीत आम्ही कँटोन्मेंटमधल्या एका पलटणीच्या आरतीला गेलो होतो. तिथे फॅमिली क्वार्टरच्या मागे बांबूचे दोन खांब पुरून मुली खेळत होत्या आणि त्यांतली एक सावळी, लांब हातांची मुलगी अनवाणी अशी हुलकावण्या देत होती, की पाठलाग करणारी दोनदा रिकाम्या हवेवर पडली. तिचं नाव सुरेखा. वडील हवालदार, साताऱ्याकडचे. संघ बांधायची चर्चा रंगली तेव्हा मी कोणाला न सांगता धौला कुआँवरून बस बदलून त्यांच्याकडे गेले.

हवालदार काका बूट पॉलिश करत बसले होते. मी सरळ सांगितलं, तुमची मुलगी आमच्या संघात पाहिजे. ते म्हणाले, सिव्हिल कॉलनीत पोरगी पाठवायची नाही. मी म्हटलं, दुपारचं जेवण आमच्याकडे. ते नाही म्हणाले. संध्याकाळच्या आत परत, असं म्हटलं, तरी नाहीच. मग आतून त्यांच्या बायकोने सुरेखाच्या इंग्रजीचं काहीतरी काढलं आणि मला वस्तूतला दोष सापडला. केंद्रीय विद्यालयात सुरेखा इंग्रजीत नापास होत होती. मी ताबडतोब सांगून टाकलं की माझी आई इंग्रजीची बी.ए. आहे, ती दर रविवारी शिकवेल. आईला याची कल्पनाही नव्हती. हवालदार काकांनी ब्रश खाली ठेवला.

"पोरगी तू सोता न्यायची आन् तूच आनून सोडायची," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या हाती मी द्यायचो न्हाई. शबूद दे."

मी शब्द दिला. आई घरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर मात्र सुरेखाला थालीपीठ वाढून तिच्याकडून इंग्रजीतले काळ इतक्या जोरात घोकून घ्यायची की भाटिया आंटी विचारायच्या, भाभीजी, सब ठीक है ना? बाबा कुरकुरले, की पलटण उद्या हलली की ही गेली. पण पहिल्या सरावात सुरेखा एकटी धावत राहिली, सगळ्या मुली दमल्या, आणि कट्ट्यावर कोणाच्याही तत्त्वाचं नाव निघालं नाही. टिपणीसकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, शाबास, तूच खरी आमची सचिव. मी थापेवर खूश होणारी नव्हते. मी विचारलं, सुरेखा आणली, आता माझी जागा नक्की ना? "बिल्कुल," ते म्हणाले. नऊ जणींत माझी जागा, पहिल्या तुकडीत. चार माणसांच्या देखत.

सामन्यांच्या आधीच्या रविवारी त्यांनी कट्ट्यावर नावं वाचली नाहीत, तोंडानेच सांगितली. सुरेखाचं नाव पहिलं. माझं नऊ जणींत नव्हतं. राखीव मुलींतही नव्हतं. मला आधी वाटलं राहून गेलं असेल, म्हणून मी हसतच विचारलं. ते म्हणाले, निमा, घरी जा बाळ, आपण नंतर बोलू. 'बाळ' म्हटलं की माझं डोकं फिरतं, तेव्हाही फिरायचं. मी म्हटलं, नंतर नाही, आत्ता. तुम्ही 'बिल्कुल' म्हणाला होता, हे चौघे साक्षीला आहेत. मी काय वाईट खेळले ते सांगा. आई विणकाम थांबवून मला खुणा करत होती. टिपणीसकाकांनी चष्मा काढून पुसला.

"खेळाचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "तत्त्व आहे. ते तुझ्या बाबांनीच घालून दिलंय."

बाबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. हातात अर्धी सोललेली शेंग होती. "अहो, तत्त्व बदलीवाल्यांचं," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे की इथेच."

टिपणीसकाका काही बोलले नाहीत. चष्मा पुन्हा पुसला. कट्ट्यावर बसलेली सगळी माणसं सरकारी नोकरीतली. त्यांना शांततेचा अर्थ लगेच कळतो. गोडबोलेकाकांनी, माझं नाव का वगळलं हे विचारलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "कुठे?"

"माईणकर, चार दिवस थांबा," टिपणीसकाका बाबांना म्हणाले. "मला बोलता येत नाही."

बाबांनी ती शेंग सोललीच नाही. टरफलांसकट मुठीत धरून ते घरी आले आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. "माझ्या नवऱ्याची बदली मला खो-खोच्या कट्ट्यावर कळली," हे आई पुढे मरेपर्यंत सांगत होती. कधी हसून, कधी नाही. मला आजही राग येतो तो याचाच. ऑफिसची गोष्ट गुप्त ठेवायची म्हणून या माणसाने शेजाऱ्याला एका शब्दाने सावध केलं नाही. एखादा अर्ज करायला, साहेबांना भेटायला वेळ मिळाला असता. पण तीच गुप्त गोष्ट संघ निवडताना बरोबर वापरली. तोंड बंद ठेवल्याचा अभिमान बाळगायचा, तर दोन्हीकडे बंद ठेवायचं होतं.

त्या आठवड्यात हुकूम आला. शिलाँग. घरात कोणी धड बसेना. आईने खोक्यांवरचं धोतर काढलं आणि पितळेची भांडी कागदात गुंडाळायला लागली, मग उलगडायला लागली, कारण संध्याकाळच्या स्वयंपाकाला पातेलं लागणार होतं. बाबा दारापर्यंत जायचे आणि काय आणायला निघालो ते विसरून परत यायचे. मी शाळेतून येऊन बाल्कनीत येरझाऱ्या घालत होते, तर भाटिया आंटी वाटी परत द्यायला आल्या. पसारा बघून त्यांनी विचारलं आणि ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाल्या, पागल हो क्या, नॉर्थ-ईस्टवालों का क्वार्टर थोड़ी छिनता है. त्यांच्या भावाला कोहिमाला पाठवलं होतं तेव्हा बायकामुलं दिल्लीतच राहिली होती, सरकारी घरात, नियमाने. बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. खरं होतं. जायचं ते एकट्या बाबांना. आम्ही तिथेच राहणार होतो, शिलाँगची मुदत संपेपर्यंत. म्हणजे त्या कट्ट्यावरच्या कित्येक मुलींपेक्षा मी जास्त कायमची झाले होते.

मी तशीच टिपणीसकाकांच्या घरी गेले. ते शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, जसा काही पहिल्यांदाच ऐकताहेत. म्हणाले, नावं दिली गेली, आता बदलता येत नाहीत. शिवाय बाबा जाणार म्हटल्यावर तुझं मन खेळात लागणार नाही. पुढच्या वर्षी बघू. मी विचारलं, काका, हा नियम तुम्हाला माहीत नव्हता? त्यांनी झारी दुसऱ्या कुंडीकडे वळवली. बदल्यांच्या शाखेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा नियम ठाऊक नव्हता, असं मला कोणी सांगू नये. इतक्या वर्षांनी, मागच्या गणेशोत्सवात ते व्हीलचेअरवर आले होते, द्वारकेहून, मुलाबरोबर. मी वाकून नमस्कार केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. ते म्हणाले, किती मोठी झालीस गं. लोक म्हणतात त्यांना आता काही आठवत नाही. मला मात्र ओळखलं.

तर त्या दिवशी कुंड्यांपाशी मी म्हटलं, मग सुरेखालाही पुढच्या वर्षीच बघा. ते हसले. त्यांना वाटलं पोरगी रागावली. शनिवारी शेवटच्या सरावासाठी त्यांनी गोडबोलेकाकांना स्कूटरवर कँटोन्मेंटला पाठवलं, आणि गोडबोलेकाका रिकामे परत आले. हवालदारांनी चहा दिला म्हणे, मुलगी दिली नाही. जिने शब्द दिला तिच्याच हाती, एवढंच बोलले.

रविवारी सकाळी धुकं होतं. मी पांघरुणात जागीच होते आणि ठरवून टाकलं होतं की उठायचं नाही, हरू देत. बाबा आले. त्यांनी कोट घातला होता, लग्नकार्यातला, आणि बूट चकचकीत. म्हणाले, चल, दोघं जाऊन तिला घेऊन येऊ. मी म्हटलं, त्यांच्यासाठी मी जाणार नाही. बाबा म्हणाले, त्यांच्यासाठी नाही. पुढच्या आठवड्यात माझी गाडी आहे, मला तुला खेळताना बघायचंय. मला सांगायचं होतं, की तुमच्याच तत्त्वाने मी घरी बसले आहे. ते ओठांवर आलं होतं. पण बाबांनी माझे मोजे स्टोव्हजवळ धरून गरम केले होते, ते त्यांच्या हातात होते. मी उठले.

बसमध्ये बाबा खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत होते. कट्ट्यावर तासन्‌तास बोलणारा माणूस धौला कुआँपर्यंत एक अक्षर बोलला नाही. परतताना सुरेखा आमच्या दोघांच्या मध्ये, हात लांब करून खिडकीच्या काचेवरची वाफ पुसत बसली होती. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा चौधरी मास्तर शेंगा खात होते, त्यांच्या मुली कोवळ्या उन्हात उड्या मारत होत्या, आणि आमची सगळी मंडळी सुरेखाला बघून उठून उभी राहिली. सुरेखाने लगेच चपला काढल्या. बाबा थेट टिपणीसकाकांसमोर गेले. माझ्या आठवणीत बाबांनी त्याआधी कोणाशी भाव केलेला नव्हता, साध्या टोमॅटोचाही नाही.

"दोघी खेळतील," ते म्हणाले. "नाहीतर दोघी घरी जातील."

"माईणकर, तत्त्व तुमचं होतं."

"माझंच होतं. तुम्ही ते कसं वापरलंत ते मी बघितलं."

टिपणीसकाकांनी बाबांकडे बघणं सोडलं आणि सुरेखाकडे वळले. फार गोड आवाजात म्हणाले, चल बाळ, तू आत ये, उशीर होतोय. सुरेखाने मैदानाकडे पाहिलं. तिथे चुन्याच्या ताज्या रेघा होत्या, खरे रंगवलेले खांब होते. पलटणीच्या मागच्या बांबूंपेक्षा ते खांब किती सरळ आहेत, हे ती मला सरावात सारखं सांगायची. तिला किती खेळायचं होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तिने एक पाय उचलला, तळव्याची माती झटकली आणि चप्पल घातली. मग दुसरी.

आम्ही तिघं फाटकाकडे निघालो. बाबा पुढे. आणि माझ्या लक्षात आलं, की बाबा फार भरभर चाललेत. अशाने गिऱ्हाईक खरंच गेलं असं वाटतं. मी त्यांच्या कोटाची बाही धरून म्हटलं, बाबा, हळू. त्यांना समजलं नाही मी का म्हणते आहे. त्यांना थंडी वाजत नव्हती, राग दिसत नव्हता, ते नुसते चालत होते. मी पाय पुढे टाकत होते आणि कान मागे. मागे कोणीतरी म्हणत होतं, अहो बोलवा त्यांना, हट्ट काय धरता. बहुधा गोडबोलेकाकू. शिट्टी वाजली. मग ती हाक आली, माझ्या ओळखीची, प्रत्येक दुकानातून येते तशी.

"अहो माईणकर! ऐका तरी! येऊ द्या दोघींना!"

मी वळले. सुरेखा वळली. बाबा वळले नाहीत. ते फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्यावर उभे राहिले, लोखंडी गजांच्या पलीकडे, जिथे आइस्क्रीमवाले आणि परके लोक उभे राहून फुकट सामना बघतात. तेव्हा मला कळलं, की मी भाव करत होते आणि बाबा खरंच निघाले होते. मी गजांपाशी धावत गेले आणि म्हटलं, बाबा, बोलावतायत.

"जा ना मग," ते म्हणाले. "चपला दे इकडे. आत हरवतील."

"आणि तुम्ही?"

"मी इथूनच बघतो."

जी नावं बदलता येत नव्हती ती नोंदणीच्या टेबलावरच्या पंचांना दोन शब्द सांगून तिथल्या तिथे बदलली. माझ्यासाठी जिला बाहेर बसवलं ती मुलगी रडली, असं नंतर ऐकलं. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. तिचे वडील बँकेत होते आणि तिला पुढचे सगळे हिवाळे मोकळे होते. सामना आम्ही हरलो, हेही सांगून टाकते. थोडक्यात, पण हरलो. सुरेखा एकटी किती धावणार. पुढच्या रविवारी कट्ट्यावर नव्याने संघ बांधायची चर्चा सुरू झाली असणार. मी गेले नाही आणि बाबा तोवर गाडीत होते. शिलाँगहून ते सुट्टीवर येत तेव्हाही कट्ट्याच्या बाजूने जायचे नाहीत, दुधाला जाताना लांबचा रस्ता घ्यायचे. आता तिथे ते क्वार्टर नाहीत, कट्टा नाही, काचेचे मनोरे आहेत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र तीच चर्चा चालू असते, कोणाला घ्यावं, कोणाला वगळावं. मुलींच्या ट्रॅकसूटसाठी माझ्याकडे विचारणा झाली. मी दिले, चांगल्या मालातले. पण त्याआधी अट घातली होती, की टिपणीसांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. लोकांना ती थट्टा वाटली.

शेवटच्या डावाची गोष्ट. आम्ही पाठलाग करत होतो, मी दुसऱ्या टोकाला बसले होते, आणि पाठीवर सुरेखाचा खो आला तो इतका जोरात, की मी उठण्याऐवजी उडालेच. समोर त्यांची सगळ्यात चपळ मुलगी होती, जिला आमच्यापैकी कोणी कधी हात लावला नव्हता. ती खांबाला वळसा घालणार हे मला दिसलं. मी खांबावर अंग टाकून हात लांब केला. बोटांना तिच्या फ्रॉकची कड लागली. शिट्टी. माझं तोंड मातीत होतं, ओठ फुटला होता, आणि कट्ट्यावरची सगळी माणसं माझ्या नावाने ओरडत होती. त्यात टिपणीसकाकांचाही आवाज होता, मला नीट ऐकू आला. मी त्या बाजूला बघितलं नाही. फाटकाकडे बघितलं. बाबा गजांना चिकटून उभे होते, कोट फाटकाच्या खांबाच्या चुन्याने पांढरा झालेला. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्यात सुरेखाच्या. टाळी वाजवायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते त्या चपलाच एकमेकींवर आपटत होते.